लिक्विडचे साडेचार हजार आणि विम्याचे एक कोटी

खारघरचे एक वाचक लिहितात की, व्हेपच्या (ई-सिगारेटच्या) तयार लिक्विडवर त्यांचे महिन्याला सहा हजार रुपये जातात. प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, फ्लेवर आणि निकोटीनचे तीव्र द्रावण घाऊक मागवून घरीच मिश्रण केले, तर खर्च दीड हजारावर येईल आणि उरलेल्या साडेचार हजारांच्या एसआयपीतून (म्युच्युअल फंडातील दरमहा गुंतवणुकीतून) दहा वर्षांत पंधरा लाख होतील. तर ४० हजारांची पहिली खरेदी करावी का? वय ३८, कमावते एकटेच, मुलगी चार वर्षांची, गृहकर्ज ५५ लाख. जाता जाता ते असेही सांगतात की, चौदा महिन्यांपूर्वी घेतलेल्या एक कोटीच्या टर्म प्लॅनच्या (ठरावीक मुदतीच्या जीवन विम्याच्या) अर्जात तंबाखू-निकोटीनच्या रकान्यात एजंटने ‘नाही’ भरले, कारण त्याच्या मते व्हेप म्हणजे तंबाखू नव्हे. वार्षिक हप्ता १४ हजार. वैद्यकीय तपासणी झालीच नाही.

खरेदी करू नका. पंधरा लाखांसाठी दहा वर्षे सरासरी अठरा टक्के परतावा लागतो, आणि तो मिळेलच असे सांगणाऱ्याकडून फंड घेऊ नये. दहा टक्के धरल्यास नऊ लाखांच्या आसपास हाती येतील. शिवाय २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात आणि विक्री यांवर घातलेली बंदी तिच्या सुट्या भागांनाही लागू आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. लिक्विड हा भाग नव्हे असा युक्तिवाद करायचा असेल, तर वकिलाची फी साडेचार हजारांतून वजा करावी. त्वचेतूनही शोषले जाणारे तीव्र निकोटीन चार वर्षांच्या मुलीच्या घरात ठेवणे, हा मुद्दा तर हिशेबाबाहेरचाच.

पत्रातील सर्वांत महाग ओळ मात्र त्या रकान्याची आहे. निकोटीन कोणत्या मार्गाने शरीरात गेले, याचा भेद विमा कंपन्या सहसा करत नाहीत. लघवीच्या तपासणीत कोटिनीन, म्हणजे निकोटीनपासून शरीरात तयार होणारा पदार्थ, सापडले की पुरे. एजंटने हप्ता कमी दाखवून आपली विक्री साधली, पण अर्जावर सही तुमची आहे. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार पहिली तीन वर्षे कंपनी चुकीच्या माहितीवरून दावा नाकारू शकते. फसवणुकीचा ठपका नसेल, तर भरलेले हप्ते परत मिळतात. म्हणजे आजच्या घडीला पत्नीच्या हाती एक कोटीऐवजी २८ हजार, आणि समोर ५५ लाखांचे कर्ज. उरलेले बावीस महिने गप्प राहून काढा, असे सांगणाराही कोणी भेटेल. त्याने तो धोका स्वतःच्या कुटुंबावर घेऊन दाखवावा.

कंपनीला याच आठवड्यात लेखी कळवून पोच घ्या. हप्ता वर्षाला आठ-दहा हजारांनी वाढू शकतो, म्हणजे महिन्याला फार तर साडेआठशे रुपये, जे सध्याच्या लिक्विडच्या खर्चापुढे काहीच नाहीत. व्हेप सोडायचे ठरवल्यास १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर मदत मिळते, आणि पूर्ण सहा हजारांचे दहा टक्क्यांनी दहा वर्षांत बारा लाख होतात. निकोटीन सुटून साधारण वर्ष झाल्यावर कमी दराच्या नव्या पॉलिसीसाठी अर्ज करता येईल. तो स्वतःच्या हाताने भरावा, तपासणी मागून घ्यावी आणि नवी पॉलिसी हाती पडेपर्यंत जुन्या पॉलिसीचा एकही हप्ता चुकवू नये.