गिझर रोज ४५ मिनिटं चालतो, तर महिन्याचे युनिट २७०० कसे येतील? हिशोबात चूक कुठे होतेय?

तुम्ही मांडलेला हिशोब असा आहे. गिझर २००० वॉटचा, म्हणजे २ किलोवॉट; रोज ४५ मिनिटं; म्हणून २ × ४५ × ३० = २७०० युनिट. पाण्याची मोटर ७५० वॉटची, रोज १ तास २० मिनिटं, म्हणून ०.७५ × १.२० × ३० = २७ युनिट. पहिला आकडा अशक्य आहे हे तुमच्या लक्षात आलंच. दुसऱ्यापुढे तुम्ही 'हा बरोबर वाटतो' असं लिहिलंय. मला काळजी या दुसऱ्याचीच वाटते, कारण तोही चुकलेला आहे आणि चूक लहान असल्यामुळे नजरेतून सुटते.

आधी गिझर. एक युनिट म्हणजे १००० वॉटचं उपकरण एक तास चालल्यावर लागणारी वीज. तास हा युनिटच्या पोटातच बसलेला आहे, त्यामुळे वेळ तासांतच घालावी लागते. ४५ मिनिटं म्हणजे ४५ ÷ ६० = ०.७५ तास. २ × ०.७५ = रोजचे दीड युनिट, महिन्याचे ४५. तुमचे २७०० बरोबर साठपट जास्त आले ते यामुळेच.

आता मोटर. १ तास २० मिनिटं म्हणजे १.२० तास नव्हे. घड्याळ साठाच्या हिशोबाने चालतं आणि दशांश चिन्ह दहाच्या. १.२० तास म्हणजे १ तास १२ मिनिटं. तुमची रोजची ८ मिनिटं तिथेच गळाली. २० ÷ ६० = ०.३३, म्हणून वेळ १.३३ तास धरायची; रोजचा एक युनिट, महिन्याचे ३०. माझी पद्धत याहून सोपी आहे, दशांशाच्या वाटेलाच जात नाही. सगळी वेळ मिनिटांत करायची आणि भागाकार शेवटी एकदाच. ७५० × ८० = ६०,०००; त्याला ६० ने भागलं की १०००; त्याला १००० ने भागलं की १ युनिट.

जाता जाता एक सांगतो. पुष्कळ ठिकाणी युनिटसाठी 'किलोवॉट प्रति तास' असं छापलेलं दिसतं, तुम्हीही तसंच लिहिलंय. त्यातला 'प्रति' काढून टाका. 'प्रति' म्हटलं की भागाकार आला, आणि इथे तर गुणाकार आहे : किलोवॉट-तास. 'दर सेकंदाला' हा भाग वॉटमध्ये आधीच आहे, कारण १ वॉट म्हणजे सेकंदाला १ जूल (जूल हे ऊर्जेचं माप). म्हणून १००० वॉट × ३६०० सेकंद = ३६ लाख जूल, आणि हेच आपलं एक युनिट.

हे ३६ लाख लक्षात ठेवा, गिझरला कामी येतात. कारण बटण ४५ मिनिटं चालू असलं तरी आतली कॉइल तेवढा वेळ चालतेच असं नाही. पाणी ठरलेल्या तापमानाला पोचलं की थर्मोस्टॅट वीज तोडतो आणि गिझरवरचा दिवा विझतो. समजा टाकी १५ लिटरची आहे आणि पाणी २० अंशांवरून ५५ अंशांवर न्यायचंय. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला साधारण ४२०० जूल लागतात. १५ × ३५ × ४२०० = सुमारे २२ लाख जूल, म्हणजे ०.६१ युनिट. २ किलोवॉटच्या कॉइलला त्यासाठी ०.३ तास पुरतात. इथे उलट्या दिशेने तीच चूक होते, ०.३ तास म्हणजे ३० मिनिटं वाटतात. ०.३ × ६० करा, १८ मिनिटं येतील. टाकीतली थोडी उष्णता हवेत सुटेल, नळ चालू असेल तर थंड पाणी आत येत राहील, म्हणून प्रत्यक्षात थोडं जास्त धरा. तरी रोजच्या दीड युनिटपेक्षा तुमचा खरा आकडा बराच कमी असू शकतो. फ्रिजचंही असंच; त्याचा कॉम्प्रेसर मधून मधून थांबतो, म्हणून वॉट × २४ तास करू नका. याउलट वायफायचा १० वॉटचा राउटर खरोखरच अहोरात्र चालतो आणि महिन्याला ७.२ युनिट घेतो.

अंदाजावर राहायचं नसेल तर मीटरलाच विचारा. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्याजवळ ३२०० किंवा १६०० असा आकडा छापलेला असतो. ३२०० असेल तर दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. मी घरातलं बाकी सगळं बंद करून, फक्त इस्त्री लावून, मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन मीटरपुढे उभा राहिलो होतो. पहिल्या वेळी मोजणी 'एक'पासून सुरू केली आणि उत्तर चुकलं, कारण दहा लुकलुकींमध्ये अंतरं नऊच असतात. पहिल्या लुकलुकीला 'शून्य' म्हटलं, तेव्हा 'दहा' यायला १५ सेकंद लागले. एका अंतराला दीड सेकंद. ३२०० च्या मीटरला ११२५ (३६ लाख जूल ÷ ३२००) भागिले ते सेकंद केलं की वॉट मिळतात. ११२५ ÷ १.५ = ७५०, आणि इस्त्रीवरही ७५० च छापलेलं होतं.

तुम्ही एकटा गिझर चालू ठेवून हेच करा. तुमचा मीटर ३२०० चा असेल तर दहा अंतरांना सुमारे ५.६ सेकंद लागायला हवेत. मग गिझरवरचा दिवा किती मिनिटांनी विझतो ते घड्याळात पाहा, आणि ४५ च्या जागी ती मिनिटं घाला.