पहाटे साडेचारचं रुटीन नऊ दिवसांत मोडलं, आता काय करू?

प्रश्न : ताई नमस्कार. मी मालवण तालुक्यात समुद्राजवळ राहते, वय ४४. घराला लागून आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे, जेवणखाण सगळं मीच बघते. पाचला उठते, घावणे-आंबोळ्या, मग मासळी, वाटप, दुपारच्या थाळ्या, परत रात्रीचं, आणि पाहुणे गप्पा मारत जेवतात त्यामुळे भांडी होईपर्यंत साडेअकरा होतात. सासूबाईंना न्हाणीत हात धरून न्यावं लागतं. मुलगी पुण्यात शिकते, तिने मला मोबाईलवर एक सेल्फ केअर रुटीन पाठवलं, साडेचारला उठायचं, लिंबूपाणी, योगा, मेडिटेशन, डायरी लिहायची, चेहऱ्याला काय काय लावायचं. नऊ दिवस केलं. दहाव्या दिवशी रात्री उशिरा अकरा माणसं आली आणि ते बंद पडलं ते पडलंच. आता वाटतं माझ्यातच शिस्त नाही. अंग आंबल्यासारखं असतं, चिडचिड होते, वरच्या खोलीत चादरी घेऊन जाताना दम लागतो. मोडणार नाही असं रुटीन सांगा.

उत्तर : वहिनी, पहिलं म्हणजे ते शिस्तीचं मनातून काढून टाका. जी बाई रोज पाचला उठून अकरा-अकरा माणसांना गरम घावणे वाढते तिला शिस्त नाही असं कोण म्हणेल? साडेअकराला भांडी झाली, बारा वाजता पाठ टेकली आणि पाचला उठलात तर झोप झाली पाच तास. मोठ्या माणसाला निदान सात तास लागतात. आणि त्या रुटीनने तुमच्याकडून काय मागितलं तर अजून अर्धा तास लवकर उठा. मुलीने मायेने पाठवलं, तिचं काही चुकलं नाही, पण ते ज्याच्या घरी रात्री नऊला स्वयंपाकघर बंद होतं त्याच्यासाठी आहे.

आता दुसरं, आणि हे मी जरा जोर देऊन सांगते कारण मी पंचवीस वर्षं नर्स म्हणून गावोगाव फिरले आणि बायका जिना चढताना लागणारा दम "वय झालं" म्हणून सोडून देतात हे फार वेळा बघितलं. दम लागतो, थकवा आहे, चिडचिड आहे, वय ४४, तर रुटीनच्या आधी रक्त तपासा. हिमोग्लोबिन (बाईचं १२ च्या खाली असेल तर अ‍ॅनिमिया धरतात), थायरॉइड, साखर, आणि बीपी. पाळी जास्त जात असेल तर तेही डॉक्टरांना स्पष्ट सांगा, लाजू नका, या वयात पाळीचं गणित बदलतं आणि रक्त कमी होण्याचं ते मोठं कारण असतं. तिशीच्या पुढच्या सगळ्यांची बीपी-शुगरची तपासणी सरकारी उपकेंद्रात होते, आशाताईंना विचारा. आणि चालताना छातीत दुखलं, घाम फुटला किंवा पाय सुजले तर सीझन आहे म्हणून थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.

जेवणातली एक सवय मात्र आजच बदला, जेवल्याबरोबर चहा. थाळ्या वाढून झाल्या की आपण उभ्याउभ्या चार घास खातो आणि लगेच कपभर चहा घेतो, तर त्या चहाने जेवणातलं लोह नीट अंगी लागत नाही. मध्ये तासभर जाऊ द्या. उलट जेवणावर लिंबू पिळा, त्याने लोह जास्त शोषलं जातं. बाकी तुमच्याच घरात सगळं आहे, कुळथाची पिठी, तिसऱ्या (शिंपल्या), शेवग्याचा पाला, आणि नाचणी (१०० ग्रॅममध्ये साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, या वयाच्या बाईला ते पाहिजेच). पाहुण्यांना सुरमई आणि स्वतःला रस्सा-भात असं करू नका, एक तुकडी तुमच्या नावाची आधी काढून ठेवा, खरंच वाटीत काढून झाकून ठेवा.

आता रुटीन. माझं म्हणणं एवढंच आहे की ते घड्याळाला बांधू नका, जे काम तुम्ही कसंही झालं तरी रोज करताच त्याला बांधा. होमस्टेमध्ये घड्याळ तुमच्या हातात नाही, पाहुण्याची गाडी कधी पोचेल ते त्यालाही माहीत नसतं. पण सासूबाईंची सकाळची पेज चुकत नाही ना? मग त्यांच्याबरोबर तुम्हीही खाली बसा आणि उकड्या तांदळाची पेज वाटीभर, सोबत काहीतरी, बसून खा. भांडी घासून हात पुसलेत की भिंतीला दोन्ही हात लावून दहा वेळा अंग पुढे-मागे, आणि पायरीवर दहा वेळा चढ-उतार. तुम्ही म्हणाल दिवसभर राबतेच की मी. राबता, पण ते उभं राहून वाकून केलेलं काम आहे, त्याने कंबर झिजते, मांड्यांना-दंडांना ताकद येतेच असं नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० मिनिटं झपझप चालण्यासारखा व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते, आणि हे तुकड्यातुकड्यात केलं तरी चालतं, एकदम तासभर नाही मिळाला म्हणून वाया गेला असं काही नसतं.

चालायला कधी जायचं? पाहुणे सूर्यास्त बघायला निघतात तेव्हा. तेव्हा घर रिकामं असतं आणि ऊनही उतरलेलं असतं. समोर समुद्र असून आपण तो आठवडा-आठवडा बघत नाही ना. वाळूत चालताना सुकतीला (ओहोटीला) ओल्या घट्ट वाळूवर चाला, वरच्या भुसभुशीत वाळूत टाच आणि पोटरी दुखते. किनारा पाण्याकडे उतरता असतो म्हणून जेवढं एका बाजूला जाल तेवढंच परत त्याच वाटेने या म्हणजे एकाच पायावर भार येत नाही. वीस मिनिटं पुरे. आपल्याकडच्या दमट हवेत घाम वाळत नाही, घाम वाळला नाही की अंग थंड होत नाही, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये चुलीजवळ असताना तहान लागायची वाट न बघता पाणी पीत राहा. मिठाचं मात्र बघा, दिवसाला ५ ग्रॅमच्या आत म्हणजे साधारण चहाचा चमचाभर, आणि सुकी मासळी, पापड, लोणचं यात तेवढं नकळत जातं.

झोपेसाठी रात्रीचं स्वयंपाकघर लवकर बंद झालं पाहिजे, त्याला दुसरा उपाय मला दिसत नाही. रात्रीच्या जेवणाची ऑर्डर चारपर्यंत, जेवण साडेआठ ते साडेनऊ, नंतर आलेल्याला पेज किंवा डाळ-भात, हे बुकिंगच्या वेळीच फोनवर सांगा आणि पडवीत पाटी लावा. लोक ऐकतात. नाही ऐकणारा एखादा असेल. दुपारी तीनच्या आत अर्धा तास आडवं व्हा, त्यापेक्षा जास्त नको नाहीतर रात्रीची झोप जाते.

आणि मुख्य गोष्ट, स्वतःची काळजी घ्यायला दुसरं माणूस लागतं. तुमच्या पत्रात नवऱ्याचा, दिराचा, कोणाचा उल्लेखच नाही, मला तेच खटकलं. चादरी धुणं, बाथरूम, बाजार, सासूबाईंची संध्याकाळ, यातलं प्रत्येक काम तुम्हीच करायला हवं का? सीझनमध्ये दोन तास मदतीला वाडीतलीच एखादी बाई पगारावर ठेवा आणि तो पगार खोलीच्या भाड्यात धरा, कारण आत्ता तो खर्च तुमच्या अंगातून जातोय. सासूबाईंचा एक वेळचा आधार घरातल्या पुरुषाने घ्यावा. भांडण न करता पण ठरवून सांगा, "संध्याकाळी साडेपाच ते सहा मी घरात नसते."

रुटीन मोडणारच, म्हणून मोडक्या दिवसाचं वेगळं ठेवा. घर भरलेलं असेल त्या दिवशी फक्त तीन गोष्टी, पेज बसून खाणं, दुपारी दहा मिनिटं पाय भिंतीला वर टेकवून पडणं, आणि रात्री झोपायच्या आधी पाय धुऊन बोटांच्या बेचक्या जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्याने कोरड्या करणं. ही शेवटची गोष्ट साधी वाटेल पण ओल्या फरशीवर दिवस काढणाऱ्या बाईच्या बोटांमध्ये चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून फाटते, आणि मग चालणं पण नको वाटतं. एकेक बोट सोडवून पुसायला दोन मिनिटं लागतात, तेवढ्यात दिवसभरात पहिल्यांदा आपण आपल्याच अंगाकडे बघतो. तेलाचं बोट टाचेला लावा आणि झोपा.

मोठी कामं पावसाळ्यासाठी ठेवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, पाहुणेही तुरळक, तेव्हा दात, डोळे, गर्भाशयाच्या मुखाची तपासणी, आणि माहेरी चार दिवस. रक्ततपासणी मात्र जूनपर्यंत थांबवू नका, ती याच आठवड्यात. गणपतीत चाकरमानी आले की परत मोडक्या दिवसाचं रुटीन. दोन आठवडे सलग उदास वाटलं, कशातच मन लागेना, तर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या मदतीचा, नंबर आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

प्रश्न : दापोलीजवळच्या गावातून लिहितो. निवृत्त शिक्षक, वय ६७. पत्नी जाऊन आठ महिने झाले, मुलं मुंबईला. दिवसभर टीव्ही, जेवण कधी तीनला कधी नाहीच, रात्री दोनपर्यंत झोप नाही. अंगणातली तिची अबोलीही सुकत चालली. काय करावं?

उत्तर : गुरुजी, आठ महिने म्हणजे फार थोडे दिवस आहेत, दुःख आहे ते असू दे. वरच्या वहिनींना मी घड्याळ सोडा म्हटलं, तुम्हाला उलट सांगते, घड्याळ धरा. झोप कधीही लागो, उठायची वेळ एकच ठेवा आणि उठल्यावर बाहेर उजेडात या, सकाळच्या उजेडानेच शरीराला रात्र कधी ते कळतं. चार नंतर चहा बंद, त्यातलं कॅफिन निम्मं व्हायलाच पाच-सहा तास जातात. दुपारचं जेवण आठवड्यातून दोनदा तरी कोणाबरोबर, शेजारी डबा घेऊन जा नाहीतर त्यांना बोलवा. वाडीतल्या दहावीच्या दोन मुलांना गणित शिकवायला घ्या, कोणीतरी आपली वाट बघतंय म्हटलं की माणूस आंघोळ करून तयार राहतो. बीपीची गोळी चालू असेल तर ती चुकत नाही ना ते बघा, आणि जगावंसं वाटत नाही असा विचार आला तर वरचा नंबर तुमच्यासाठीही आहे, मुलांनाही त्याच दिवशी सांगा.

उद्यापासून सकाळी सातला अबोलीला पाणी घाला, चहा त्यानंतर. महिन्याभराने झोप कशी आहे आणि अबोलीला फूट आली का ते मला कळवा.