‘आव्हार’ म्हणजे ‘आहे’ नव्हे

फ्रेंच शिकणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की ‘पार्ले’ म्हणजे ‘बोलणे’ हा नियमित धातू संयुक्त भूतकाळात, अर्थात ‘पासे काँपोझे’त, कसा चालवावा, आणि ‘मी बोललो आहे’ यातील ‘आहे’च्या जागी फ्रेंचमध्ये ‘जवळ असणे’ या अर्थाचा ‘आव्हार’ का येतो. रूपे अशी: झे पार्ले, त्यु आ पार्ले, इल आ पार्ले, नूझाव्हों पार्ले, वूझाव्हे पार्ले, इलझों पार्ले. चालतो तो ‘आव्हार’, तोही वर्तमानकाळात. ‘पार्ले’ हे धातुसाधित सहाही ठिकाणी तेच राहते. येथे मूळ धातू आणि धातुसाधित कानाला सारखेच लागतात, फरक फक्त लेखनात असतो. ‘फिनीर’ (संपवणे) याचे ‘फिनी’ आणि ‘व्हाँद्र’ (विकणे) याचे ‘व्हाँद्यु’ होते. पुढचे सारे असेच.

आता ‘आहे’विषयी. मराठी विद्यार्थ्यांच्या तोंडी ‘झ स्युई पार्ले’ हे रूप इतक्या वेळा ऐकू येते की त्याचा उगम शोधावा लागला. अनेक टिपणवह्यांत ‘आव्हार = आहे’ असे समीकरण असते, तेच याचे मूळ आहे: या काळातले सहायक क्रियापद म्हणजे ‘आहे’ असे मनात ठसते आणि मग विद्यार्थी ‘आहे’चेच भाषांतर करतो. ‘आहे’ला फ्रेंचमध्ये ‘एत्र’ आहे, आणि ‘स्युई’ हे त्याचेच रूप. ‘जाणे’, ‘येणे’ अशा मोजक्या धातूंना ‘एत्र’ लागतो, त्यामुळे ‘मी गेलो आहे’चे शब्दशः भाषांतर चुकून बरोबर ठरते आणि चुकीच्या समीकरणाला बळ मिळते. शिवाय या काळाला ‘पूर्ण वर्तमान’ म्हणणेही मला मान्य नाही. आजच्या बोलण्यात ‘इएर, झे पार्ले’ म्हणजे सरळ ‘काल मी बोललो’. ‘काल मी बोललो आहे’ असे कोणी मराठीत म्हणत नाही. 1660च्या ‘पोर-रोयाल’ या गाजलेल्या फ्रेंच व्याकरणाच्या काळी आज घडलेल्या गोष्टीला संयुक्त भूतकाळ आणि त्याआधीच्या गोष्टीला साधा भूतकाळ असा भेद पाळला जाई. पुढे बोलण्यातून साधा भूतकाळच गेला आणि सगळा भार संयुक्त रूपावर आला.

‘आव्हार’ आला आहे लॅटिन ‘हाबेरे’पासून, ज्याचा अर्थ धरणे, बाळगणे, जवळ असणे. इंग्रजीतील ‘हॅव’ याच धातूचा, असे पुष्कळजण ठामपणे सांगतात आणि ते साफ चूक आहे. इंग्रजी ज्या कुळातली त्या जर्मानिक भाषांतील ‘ह’ हा जुन्या ‘क’पासून येतो, म्हणून ‘हॅव’चा सोयरा लॅटिनमधील ‘कापेरे’, म्हणजे पकडणे, हा आहे. उलट ‘हाबेरे’च्या मूळ धातूशी काही विद्वान आपला ‘गभस्ति’ जोडतात. सूर्याला ‘गभस्तिमान्’ म्हणताना आपण ‘गभस्ति’चा अर्थ किरण घेतो, पण वेदात त्याचा अर्थ हात असाही आहे. ही व्युत्पत्ती सर्वमान्य नाही; मला मात्र ती पटते, कारण हातात धरणे हीच या भूतकाळाची पहिली पायरी होती. रोमन वक्ता सिसेरो लिहितो, ‘पेकूनियास माग्नास कोल्लोकातास हाबेन्त’: त्यांच्याजवळ मोठ्या रकमा गुंतवलेल्या आहेत. येथे ‘कोल्लोकातास’ हे रकमांचे विशेषण आहे, म्हणून ते स्त्रीलिंगी बहुवचनी आहे. ‘गुंतवलेल्या रकमा जवळ आहेत’ यापासून ‘त्यांनी रकमा गुंतवल्या’ इथवर यायला शतके लागली, पण वाट सरळ आहे.

मराठी माणसाला ही वाट अनोळखी वाटण्याचे कारण नाही. ‘मी चिठ्ठी लिहिली’, ‘मी चिठ्ठ्या लिहिल्या’ यांत क्रियापद कर्माच्या मागे जाते, कारण तेही मुळात ‘लिखित’सारखे धातुसाधित आहे, आणि आपला ‘मी’ हा ‘अहम्’चा नव्हे, तर ‘मया’ या तृतीयेचा वारस आहे. ‘अहम्’चा वंश कोकणीच्या ‘हांव’मध्ये पाहावा. फरक एवढाच की लॅटिनने कर्त्याला धरणारा केला आणि संस्कृतने त्याला तृतीयेत ठेवले.

म्हणूनच फ्रेंचमधील कर्माशी होणाऱ्या अन्वयाला, म्हणजे धातुसाधित कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे बदलण्याला, कवी क्लेमाँ मारोची लहर म्हणणाऱ्यांशी माझे तीव्र मतभेद आहेत. मारोने सोळाव्या शतकात इटालियनचा दाखला देऊन हा नियम पद्यात सांगितला हे खरे, पण अन्वय सिसेरोच्या वाक्यातच आहे. कर्म आधी आले तरच तो करावा, एवढी मर्यादा तेवढी नंतरची. 2018 मध्ये बेल्जियममधील दोन माजी शिक्षकांनी ‘आव्हार’सोबतचे धातुसाधित सदैव अविकारी ठेवावे असे सुचवले. मुलांचा वेळ वाचेल हे मान्य, पण ‘ला लेत्र क झे एक्रीत’ या ‘मी लिहिलेल्या चिठ्ठी’तला शेवटचा ‘त’ आजही स्पष्ट ऐकू येतो, आणि कानाला कळणारी गोष्ट निरर्थक ठरवणे मला पटत नाही.

‘पार्ले’चे तसे नाही. त्याला सहसा कर्म नसते, म्हणून अन्वयाचा प्रश्नच उद्भवत नाही. मराठीत ‘ती बोलली’ म्हणतात म्हणून ‘एल आ पार्ले’ लिहिताना शेवटी स्त्रीलिंगाचे जादा अक्षर जोडणे ही चूक आहे. ‘ले लाँग क झे पार्ले’, म्हणजे ‘मी बोललेल्या भाषा’, अशा वाक्यात मात्र भाषा हे कर्म आधी आले आहे, तेव्हा तेथे स्त्रीलिंगाचे आणि अनेकवचनाचे अशी दोन्ही अक्षरे लिहावीत. ती उच्चारायची नसतात.