मसावि काढणारं मशीन आणि त्यामागचं गणित

प्रश्न: मॅडम नमस्कार, मी एम.एस्सी. मॅथ्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला कॉम्प्युटर अल्जिब्रामध्ये पीएच.डी. करायचीये पण घरी आणि कॉलेजात दोन्हीकडे एकच ऐकायला मिळतं, की हे प्युअर मॅथ्स नाहीये, हे सॉफ्टवेअरवाल्यांचं काम, आणि सॉफ्टवेअर तर आधीच सगळं सोडवतं मग तू त्यात नवीन काय करणार? खरंच यात गणिती म्हणून करिअर होतं का? मुंबईत राहून काय करता येईल?
– एक विद्यार्थिनी, मुलुंड

उत्तर: होतं, नक्की होतं. कॉम्प्युटर अल्जिब्रा म्हणजे क्ष सारखी अक्षरं असलेल्या राशींवर कॉम्प्युटरने अचूक बीजगणित कसं करायचं याचा अभ्यास. आणि "सॉफ्टवेअर सगळं सोडवतं" म्हणणाऱ्यांना तू पुढचं गणित हाताने करायला दे, या विषयातलं ते प्रसिद्ध उदाहरण आहे. दोन बहुपदी घ्यायच्या,

क्ष^८ + क्ष^६ − ३क्ष^४ − ३क्ष^३ + ८क्ष^२ + २क्ष − ५
३क्ष^६ + ५क्ष^४ − ४क्ष^२ − ९क्ष + २१

आणि त्यांचा मसावि काढायचा. शाळेतलीच रीत, भागाकार करा, बाकी घ्या, त्या बाकीने परत भागा. फक्त अपूर्णांक नकोत म्हणून दर पायरीला आधी योग्य त्या संख्येने गुणून घ्यायचं. सुरुवातीला सगळ्यात मोठा आकडा २१ आहे हे लक्षात ठेव, कारण चौथी बाकी येते ती ही, क्ष नसलेली नुसती संख्या:

१२५९३३३८७९५५००७४३१००९३११४१९९२१८७५००

पस्तीस अंकी! आणि ही एवढी संख्या आपल्याला सांगते काय, तर मसावि १ आहे. म्हणजे उत्तर एका अंकाचं आणि मधला पसारा कागदावर मावेना. आठव्या घाताला ही गत, तर शंभराव्या घाताला कितीही फास्ट मशीन आणा, मेमरी भरून जाणार.

यावर उपाय काढला तो गणितानेच. जॉर्ज कॉलिन्स यांनी १९६७ मध्ये दाखवलं की प्रत्येक बाकीला कोणत्या संख्येने निःशेष भाग जाणारच हे आधीच सिद्ध करता येतं, मग तेवढं भागून टाकत गेलं की याच गणितात शेवटी २,६०,७०८ उरतात, सहा अंकी. अजून सोपी वाट म्हणजे सगळा हिशोब १३ ने भागून उरणाऱ्या बाक्यांमध्येच करायचा, एकही आकडा १२ च्या वर जात नाही. तिथेही मसावि १ येतो आणि तेवढ्यावर काम संपतं, कारण मूळ बहुपदींना क्ष असलेला सामाईक अवयव असता तर पहिले सहगुणक १ आणि ३ यांना १३ ने भाग जात नसल्यामुळे तो अवयव १३ च्या हिशोबातही तेवढ्याच घाताचा टिकून राहिला असता. हे शेवटचं वाक्य म्हणजे सिद्धता आहे बरं का, कोड नाही. मला या विषयाचं सगळ्यात जास्त प्रेम आहे ते याचसाठी, की इथे प्रमेय चांगलं असेल तर ते लगेच वेगात दिसतं.

आता करिअरचं. ब्रूनो बुखबर्गर यांनी १९६५ मध्ये इन्सब्रुकला पीएच.डी. केली, अनेक चलांच्या बहुपदी समीकरणांची पद्धतशीर सोडवणूक कशी करायची याचा अल्गोरिदम दिला, आणि कित्येक वर्षं त्याची फारशी कुणी दखल घेतली नाही. पुढे १९७६ मध्ये त्यांनी त्यातून मिळणाऱ्या बहुपदींच्या संचाला आपल्या गाइडचं नाव दिलं, ग्रोबनर बेसिस. आज मेपल, मॅथेमॅटिका, सिंग्युलर, सेज कुठलंही सॉफ्टवेअर उघड, ते आत आहेच. तरी काम संपलेलं नाहीये. मायर आणि मेयर या दोघांनी १९८२ मध्ये सिद्ध केलं की वाईटात वाईट केसमध्ये हा खर्च घाताच्याही घाताने वाढतो, त्यामुळे कोणत्या प्रकारच्या समीकरणांना हा खर्च कमी येतो हे शोधणं, हेच कितीतरी लोकांचं आयुष्यभराचं संशोधन झालंय.

आणि "प्युअर नाही" म्हणणाऱ्यांना श्रीराम अभ्यंकरांचं नाव सांग. आपल्या काळा घोड्याजवळच्या विज्ञान संस्थेत शिकलेला माणूस, १९५५ ला हार्वर्डची पीएच.डी., बीजभूमितीतलं (बहुपदी समीकरणांनी बनणाऱ्या आकारांच्या अभ्यासातलं) मोठं नाव, आणि पर्ड्यू विद्यापीठात ते गणितासोबत कॉम्प्युटर सायन्स आणि इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगचेही प्राध्यापक होते. वक्र आणि पृष्ठभाग कॉम्प्युटरवर कसे मांडायचे यावर त्यांनी पेपर लिहिलेत.

मुंबईत शोधताना "कॉम्प्युटर अल्जिब्रा" अशी पाटी शोधू नकोस, फार कमी ठिकाणी मिळेल. पवईला आयआयटीत कम्युटेटिव्ह अल्जिब्रा (बहुपदींसारख्या, गुणाकाराचा क्रम बदलला तरी चालणाऱ्या राशींचं बीजगणित) बघ, कुलाब्याला टीआयएफआरमध्ये गणित तर आहेच पण कॉम्प्युटर सायन्सवाल्यांचं अल्जिब्रेइक कॉम्प्लेक्सिटीही (बहुपदी काढायला कमीत कमी किती क्रिया लागतात याचा अभ्यास) बघ, तुझा विषय तिथे आहे. नेट-जेआरएफ, एनबीएचएम, टीआयएफआरची एंट्रन्स, पीएच.डी.साठीच्या या सगळ्या परीक्षांची तयारी बरीचशी एकच. सोबत पायथन शिक आणि सेज किंवा मॅक्सिमा टाकून घे, दोन्ही फुकट आहेत. एक मात्र स्पष्ट सांगते, चांगला कोड लिहायला वर्षं जातात आणि नोकरीच्या वेळी कमिट्या बहुतेक पेपरच मोजतात, म्हणून गाइड असा निवड जो कोडलाही संशोधन मानतो.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक आहे. नातू इंटिग्रेशन मोबाइलवर करतो. मशीनच्या उत्तरावर किती भरवसा ठेवावा?
– एक वाचक, गिरगाव

उत्तर: काका, नातवाला म्हणा आलेल्या उत्तराचं डेरिव्हेटिव्ह घे आणि मूळ फंक्शन त्यातून वजा कर, शून्य आलं पाहिजे. बारावीच्या गणितांना एवढं पुरे. पण गंमत अशी की समोरची राशी शून्य आहे का, हेच सर्वसाधारणपणे ठरवता येत नाही, रिचर्डसन यांनी १९६८ मध्ये सिद्ध केलं की पाय, लॉग २, साइन, एक्सपोनेन्शियल आणि केवलमूल्य एवढं वापरायची मुभा दिली की कायम उत्तर देणारा अल्गोरिदम असूच शकत नाही. शिवाय वर्गमूळ आलं की जपून, क्ष च्या वर्गाचं वर्गमूळ क्ष असं कुठे लिहून आलं तर उणे ३ घालून बघायला सांगा.