मुलांनीच खेळ तयार केला तर रासायनिक बंध खरंच समजतात का?

समजतात, पण खेळताना कमी आणि नियम ठरवताना जास्त.

मी इंदूरला घरी अकरावीच्या मुलांना शिकवते. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी जुन्या लग्नपत्रिका कापून पत्ते केले. एका पत्त्यावर एक आयन (म्हणजे विद्युतप्रभार असलेला अणू), कोपऱ्यात त्याचा प्रभार. बेरीज शून्य झाली की डाव लागला. रमीच म्हणा ना! फक्त मॅग्नेशियमच्या एका पत्त्याला क्लोराइडचे दोन लागतात आणि अ‍ॅल्युमिनियमच्या दोनांना ऑक्साइडचे तीन.

खरी मजा सहसंयुज बंध, म्हणजे अणू इलेक्ट्रॉन वाटून घेतात तो बंध, आणताना आली. (इथली मुलं हिंदीतलं ‘सहसंयोजक’ म्हणतात, मी आता सुधारत नाही.) एकाने नियम काढला: दोन अणूंच्या विद्युतऋणतेतला (बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याच्या ताकदीतला) फरक १.७ च्या वर असेल तर बंध आयनिक, म्हणजे आयनांच्या आकर्षणाचा, नाहीतर सहसंयुज. सोडियम ०.९३, क्लोरीन ३.१६, फरक २.२३. छान. हायड्रोजन आणि क्लोरीन, ०.९६. तेही जमलं. मग आलं हायड्रोजन फ्लुओराइड: ३.९८ वजा २.२०, म्हणजे १.७८. नियमाने आयनिक, प्रत्यक्षात ध्रुवीय सहसंयुज, म्हणजे इलेक्ट्रॉन वाटलेले, पण एकाकडे जास्त ओढलेले! अर्धा तास नुसतं भांडण. शेवटी त्याला जोकर केलं, पण १.७ ही काही लक्ष्मणरेषा नाही हे मला वेगळं सांगावं लागलं नाही.

एक सांभाळा. पत्त्यांमुळे मिठात सोडियम-क्लोराइडच्या सुट्या जोड्या असतात असं मुलांना वाटतं. स्फटिकात प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड असतात, चार बाजूंना, एक वर, एक खाली. ते पत्त्यांनी दाखवता येत नाही, तिथे मी लाडवाच्या डब्यातले मोठे-छोटे लाडू वापरले.