घरातला एकच कॉम्प्युटर मुलांसाठी सुरक्षित कसा करायचा?

तुम्ही लिहिलंय की पुण्यातल्या घरात हॉलमध्ये विंडोज ११ चा एकच कॉम्प्युटर आहे, मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी चौदाची, आजोबांचं बँकेचं कामही त्यावरच चालतं. मायक्रोसॉफ्ट फॅमिली सेफ्टीमध्ये (मुलांच्या वापरावर मर्यादा घालायची मायक्रोसॉफ्टची सोय) एक तासाची मर्यादा घातली, तरी मुलगा तीन तास बसतो.

कारण जवळजवळ नक्की हेच असणार: तो तुमच्या किंवा आजोबांच्या अकाउंटमधून बसतोय. फॅमिली सेफ्टीचं कुलूप कॉम्प्युटरला लागत नाही, अकाउंटला लागतं. एक अकाउंट उघडं राहिलं की बाकीची सगळी मेहनत वाया जाते.

म्हणून आधी अकाउंट्स. सेटिंग्ज, अकाउंट्स, फॅमिली, ॲड समवन असं जा आणि दोन्ही मुलांची मायक्रोसॉफ्ट अकाउंट्स खऱ्या जन्मतारखेने बनवा. नुसतं लोकल अकाउंट (फक्त या कॉम्प्युटरपुरतं, मायक्रोसॉफ्टशी न जोडलेलं) बनवलं तर एकही नियम लागू होत नाही. बरेच पालक इथेच अडकतात. मग ‘चेंज अकाउंट टाइप’मध्ये दोघंही स्टँडर्ड युजर (कॉम्प्युटरची मुख्य सेटिंग्ज बदलता न येणारे) आहेत ना, ते बघा. ॲडमिनिस्ट्रेटर फक्त तुम्ही. आजोबांनाही स्टँडर्डच ठेवा. बँकेच्या कामाला त्याहून जास्त काही लागत नाही, पण त्यांच्या अकाउंटला पिन हवाच. तोही गाडीचा नंबर किंवा जन्मसाल नको, मुलांना ते पाठ असतं.

आता मुलाचा वेळ. फॅमिली सेफ्टीच्या स्क्रीन टाइममध्ये दोन गोष्टी वेगळ्या असतात: एकूण किती वेळ आणि कोणत्या वेळेत. सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी ५ ते ८ च्या दरम्यान एक तास, असं दोन्ही भरा. जास्त वेळ हवा असेल तर तो तिथूनच विनंती पाठवतो आणि तुम्ही फोनवर मंजूर करता.

फॅमिली सेफ्टीचा वेब फिल्टर फक्त मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये चालतो. तो चालू केला की क्रोम आणि फायरफॉक्स त्याच्या अकाउंटमध्ये बंद होतात. हा बिघाड नाही, तसंच अपेक्षित आहे. शाळेची किंवा क्लासची साइट अडली तर ती ‘नेहमी परवानगी’च्या यादीत टाका, त्यासाठी अख्खा फिल्टर काढू नका.

यूट्यूबच्या आत काय दिसतंय यावर मात्र हा फिल्टर काही करत नाही. त्यासाठी डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बदला. नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, हार्डवेअर प्रॉपर्टीज, डीएनएसपुढे एडिट, मॅन्युअल, आयपीव्ही४ चालू. पत्ते क्लीनब्राउझिंगच्या फॅमिली फिल्टरचे: १८५.२२८.१६८.१६८ आणि १८५.२२८.१६९.१६८ (टाइप करताना आकडे इंग्रजीत). यामुळे अश्लील साइट्स अडतात, गूगलचा सेफसर्च (अश्लील निकाल गाळणारा शोध) लागतो आणि यूट्यूब रिस्ट्रिक्टेड मोडमध्ये (मोठ्यांसाठीचे व्हिडिओ लपवणारा मोड) जातं. हे या कॉम्प्युटरवरच्या सगळ्याच अकाउंट्सना लागू होतं, म्हणून आजोबांचे काही व्हिडिओ गायब झाले तर त्यांना कारण सांगून ठेवा.

हे राउटरमध्ये टाकण्यापेक्षा कॉम्प्युटरमध्येच टाका, असं माझं मत आहे. राउटरचा पासवर्ड अनेकदा नेटवाल्याकडेच असतो, टाचणीने रीसेट केला की सेटिंग उडतं, आणि मोबाइलचा हॉटस्पॉट जोडला की राउटरचा संबंधच उरत नाही. हार्डवेअर प्रॉपर्टीजमधलं सेटिंग हॉटस्पॉटवरही टिकतं. फक्त एका नेटवर्कच्या प्रॉपर्टीजमध्ये भरलंत तर टिकत नाही. ही दोन पानं दिसायला सारखीच आहेत, नीट बघा.

दोन वाटा अजून उरतात. नेट कंपनी आयपीव्ही६ (आयपीव्ही४ नंतरची इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) देत असेल तर तिकडून फिल्टर चुकवला जातो. ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्जमध्ये तुमच्या वायफाय ॲडॉप्टरच्या ‘मोअर ॲडॉप्टर ऑप्शन्स’मधून एडिट उघडा आणि आयपीव्ही६ ची खूण काढा. दुसरी वाट मुलीच्या क्रोममधली: प्रायव्हसी, सिक्युरिटी, ‘यूज सिक्युअर डीएनएस’. तिथे दुसरी कंपनी निवडली की तुमचा डीएनएस बाजूला पडतो. क्रोम स्टँडर्ड युजरलाही स्वतःपुरता टाकता येतो, म्हणून हे तिच्या अकाउंटमध्ये जाऊनच तपासा, आणि तिला सांगून, तिच्यासमोर. चौदाव्या वर्षी तिच्या नकळत केलेली पाहणी तिला कळतेच आणि मग ती अडचणीत असतानाही तुमच्याकडे येत नाही.

शेवटी कॉम्प्युटर रीस्टार्ट करा आणि प्रत्येक अकाउंटमधून यूट्यूबचा एखादा व्हिडिओ उघडा. खालच्या कमेंट्स लपलेल्या दिसल्या तर फिल्टर चालू आहे. ज्या अकाउंटमध्ये कमेंट्स दिसतील, तिथे वरच्या दोन वाटांपैकी एक अजून उघडी आहे.