पीसी चालू केल्यावर बीप वाजतोय, पण स्क्रीन काळीच?

घाबरू नकोस, आणि लगेच दुकानात तर नेऊच नकोस. पावसाळ्यात हा त्रास नेहमीचा. बऱ्याचदा रॅमच्या, म्हणजे पीसीच्या मेमरीच्या पट्टीच्या, सोनेरी टोकांवर धूळ आणि ओलाव्याचा थर बसलेला असतो.

पीसी बंद करून प्लग काढ. मग पॉवरचं बटण १० सेकंद दाबून धर, आत उरलेली वीज निघून जाते. बाजूचा पत्रा उघडलास की आधी कॅबिनेटच्या धातूला हात लाव. अंगातल्या स्थिर विजेने रॅम जाऊ शकते. रॅमच्या टोकाच्या क्लिपा बाहेर ढकलल्या की पट्टी वर येते. सोनेरी भागावर साधं पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरव, चुरा मऊ ब्रशने झटक. तोंडाने फुंकू नकोस, थुंकी उडते. परत बसवताना खाच जुळव आणि ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाब. नवखे इथेच बिचकतात आणि पट्टी अर्धवट राहते.

दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघ, खराब कोणती ते लगेच कळेल.

आणि हो, पीसीची तारीख सारखी मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डावरचा, नाण्यासारखा सेल बदल. बहुतेक बोर्डांवर सीआर २०३२ असतो, स्वस्तात मिळतो.